‘मोनोपॉली’चे माहेर : पार्कर ब्रदर्सची सव्वाशे वर्षे आणि एका विस्मृत पेटंटची कथा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम या बंदरगावी १८८३ साली सोळा वर्षांच्या एका मुलाने चाळीस डॉलर खर्चून पत्त्यांच्या एका खेळाचे पाचशे संच छापून घेतले. त्यांतील बारा वगळता सारे विकले गेले आणि सुमारे शंभर डॉलर नफा हाती आला. या व्यवहारातून जन्माला आलेली ‘पार्कर ब्रदर्स’ ही कंपनी पुढे विसाव्या शतकातील सर्वांत परिचित बैठ्या खेळांची प्रकाशक ठरली. ‘मोनोपॉली’, ‘क्लू’, ‘रिस्क’, ‘सॉरी’ ही नावे तिच्याच खोक्यांवरून अमेरिकेत घरोघरी पोहोचली. भारतात ‘बिझनेस’ किंवा ‘व्यापार’ या नावाने अनेक पिढ्या जो पट मांडत आल्या, त्याचा वंशही याच कंपनीच्या दारातून जातो.

कंपनीच्या या सव्वाशे वर्षांत यशाच्या कथा पुष्कळ आहेत. तथापि तिच्या इतिहासाचा गाभा एका निराळ्याच प्रश्नात आहे : एखादा खेळ नेमका कोणाचा? तो प्रथम सुचणाऱ्याचा, तो खेळून खेळून घडवणाऱ्यांचा, की खोक्यात घालून विकणाऱ्याचा? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या न्यायालयांना दहा वर्षे शोधावे लागले आणि त्यातून जी माहिती बाहेर आली तिने कंपनीने अर्धशतक सांगितलेली एक लोकप्रिय कहाणी खोटी ठरवली.

सेलमचा वारसा

सेलम हे गाव जगाला माहीत आहे ते १६९२ सालच्या चेटकिणींच्या खटल्यांमुळे. भारताशी त्याचा संबंध मात्र व्यापाराचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथील गलबते कलकत्त्यापर्यंत आणि सुमात्राच्या मिरीच्या बंदरांपर्यंत जात. या दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी १७९९ मध्ये ‘ईस्ट इंडिया मरीन सोसायटी’ स्थापन केली. त्यांनी पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंच्या संग्रहातून आजचे पीबॉडी एसेक्स संग्रहालय वाढले आणि भारतीय कलावस्तूंच्या अमेरिकेतील महत्त्वाच्या संग्रहांत त्याची गणना होते.

खेळांच्या छपाईतही या गावाचा अनुभव जुना होता. सेलमच्या आयव्ह्‌ज या प्रकाशकांनी १८४३ मध्ये ‘द मॅन्शन ऑफ हॅपिनेस’ हा मूळचा इंग्लंडमधील पट अमेरिकेत छापला. त्यात सद्गुणाच्या घरात पडलेली सोंगटी पुढे जाते, दुर्गुणाच्या घरात पडलेली मागे येते आणि शेवटी सुखाच्या प्रासादात पोहोचणारा जिंकतो. परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या मोक्षपटाची आठवण महाराष्ट्रातील वाचकाला येथे आल्यावाचून राहणार नाही. सापशिडीच्या पूर्वजांतही पाप-पुण्याची हीच मांडणी होती. फासे म्हणजे जुगार, अशी सेलमच्या धर्मनिष्ठ कुटुंबांची धारणा असल्याने या पटासोबत फाशांऐवजी आकडे लिहिलेली एक भिंगरी दिली जाई.

याच वातावरणात १८६६ मध्ये जॉर्ज स्विनर्टन पार्कर याचा जन्म झाला. त्याला उपदेशात रस नव्हता. मुलांना आणि मोठ्यांनाही खेळ हवा असतो तो गमतीसाठी, असे त्याचे ठाम मत होते. त्याच्या पहिल्या खेळाचे नाव ‘बँकिंग’. त्यात १६० पत्ते होते. खेळाडूने बँकेकडून कर्ज घ्यायचे, ते सौद्यांत गुंतवायचे आणि नफा होतो की बुडीत जाते ते पुढच्या पत्त्यावरून ठरायचे. पुण्य करणारा नव्हे, पैसा करणारा यात जिंकत असे. बोस्टनच्या दोन प्रकाशकांनी हा खेळ नाकारला, तेव्हा थोरला भाऊ चार्ल्स याच्या आग्रहावरून जॉर्जने तो स्वतःच छापला. १८८८ मध्ये चार्ल्स भागीदार झाला आणि ‘पार्कर ब्रदर्स’ हे नाव रूढ झाले. १८९८ मध्ये तिसरा भाऊ एडवर्ड येऊन मिळाला. ज्या ‘मॅन्शन ऑफ हॅपिनेस’च्या नीतिपाठांपासून जॉर्ज दूर गेला होता, तोच पट कंपनीने १८९४ मध्ये पुन्हा छापून विकला, ही व्यापारातील गंमत नोंदवण्याजोगी आहे.

पहिल्या काही दशकांत कंपनीची रीत ठरून गेली. ताज्या घटना, बाजारातील हवा आणि परदेशातून येणारी लाट यांवर नजर ठेवायची आणि जे चालेल ते सुबक खोक्यात घालून स्वच्छ, निःसंदिग्ध नियमांसह विकायचे. क्लोंडाइकच्या सोन्याची धावपळ सुरू झाली, तिचा खेळ निघाला. क्यूबात युद्ध पेटले, त्याचाही निघाला. इंग्लंडमधून पिंगपाँग आणले गेले. १९०४ मध्ये आलेल्या ‘पिट’ या पत्त्यांच्या खेळात खेळाडू धान्यबाजारातील दलालांप्रमाणे ओरडून ओरडून सौदे करीत. राजा-राणीचे पत्ते घरात नकोत असे म्हणणाऱ्या कुटुंबांसाठी १९०६ मध्ये ‘रूक’ आला. त्यात चित्रांऐवजी केवळ रंग आणि आकडे होते. १९०९ मध्ये तुकडे जोडून चित्र करण्याच्या कोड्यांचे असे वेड पसरले की कंपनीने काही काळ इतर सारे खेळ थांबवून संपूर्ण कारखाना त्याच कामाला जुंपला.

ही वेडे येत तशीच ओसरतही. पिंगपाँगची लाट सरली, कोड्यांची सरली, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आलेली माहजाँगचीही सरली. आलेली लाट जाणारच, हा धडा जॉर्ज पार्करने इतका मनावर घेतला की पुढे आयुष्यातील सर्वांत मोठे यश दारात उभे असतानाही त्याचा त्यावर विश्वास बसला नाही.

जमीनदाराचा खेळ

आता कथा सेलमबाहेर जाते. जॉर्ज पार्कर जन्मला त्याच १८६६ साली इलिनॉय राज्यात एलिझाबेथ मॅगी हिचा जन्म झाला. लघुलेखिका म्हणून नोकरी करणारी, कविता-कथा लिहिणारी, रंगमंचावर कामे करणारी ही स्त्री अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज याच्या विचारांची कट्टर अनुयायी होती. हेन्री जॉर्जचे ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ हे पुस्तक १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि लिओ टॉलस्टॉयसारखा लेखकही त्याच्या विचारांचा समर्थक होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जमीन कोणी निर्माण केलेली नाही, भोवतीचा समाज वाढतो म्हणून तिची किंमत वाढते, तेव्हा ती वाढ एकट्या मालकाच्या खिशात न जाता समाजाकडे परत यावी. त्यासाठी श्रम आणि उद्योग यांवरील कर काढून केवळ जमिनीच्या मूल्यावर एकच कर बसवावा.

हा विचार व्याख्यानांतून पटत नाही, असे मॅगीच्या लक्षात आले. तो हाताने खेळून पाहता यावा म्हणून तिने ‘द लँडलॉर्ड्‌स गेम’ म्हणजे ‘जमीनदाराचा खेळ’ तयार केला आणि ५ जानेवारी १९०४ रोजी त्याचे पेटंट मिळवले. स्त्रियांच्या नावे पेटंटे विरळाच निघत असा तो काळ होता. चौकोनी पटाच्या चारही कडांनी घरे, विकत घेता येणाऱ्या जागा, त्यांचे भाडे, मध्ये मध्ये रेल्वे, एका कोपऱ्यात तुरुंग, दुसऱ्या कोपऱ्यात सार्वजनिक उद्यान आणि अनाथांचे गरीबगृह, तर आरंभाच्या घरी धरणीमातेवर केलेल्या श्रमाची मजुरी : आज कोणीही हा आराखडा पाहून खेळ ओळखेल. तोवर बहुतेक पटांत सोंगटी आरंभापासून शेवटापर्यंत जाई आणि खेळ संपे. मॅगीच्या पटाला शेवट नव्हता. सोंगट्या फिरत राहत आणि पैसा हळूहळू एका बाजूला साचत जाई.

पुढे तिने त्याला नियमांचे दोन संच जोडले. एका संचात भाडे सार्वजनिक तिजोरीत जाई आणि सगळ्यांची स्थिती सुधारे. दुसऱ्यात एक खेळाडू मालक होई आणि बाकीचे दिवाळखोर. दोन्ही प्रकार खेळून पाहणाऱ्याने आपणच निष्कर्ष काढावा, अशी तिची अपेक्षा होती. लोकांनी निष्कर्ष काढला तो असा, की दुसरा प्रकार अधिक रंगतो.

मॅगीच्या स्वभावाची कल्पना एका प्रसंगावरून येते. १९०६ मध्ये शिकागोत नोकरीच्या तुटपुंज्या पगाराला कंटाळून तिने वृत्तपत्रात स्वतःच्या विक्रीची जाहिरात दिली. सर्वाधिक बोली लावणाऱ्यास एक ‘तरुण अमेरिकन गुलाम स्त्री’ मिळेल, असा तिचा आशय होता. नोकरदार स्त्रीची स्थिती गुलामापेक्षा वेगळी नाही, हे तिला दाखवायचे होते आणि त्याची चर्चा देशभर झाली. १९१० मध्ये पार्कर ब्रदर्सने तिचा ‘मॉक ट्रायल’ हा पत्त्यांचा खेळ छापला. जमीनदाराचा खेळ मात्र कंपनीने घेतला नाही.

तरीही तो पसरला. डेलावेअर राज्यात हेन्री जॉर्जच्या तत्त्वांवर वसवलेल्या आर्डन या वस्तीत लोक घरी पट रंगवून तो खेळू लागले. तेथून तो विद्यापीठांत गेला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक स्कॉट निअरिंग यांनी विद्यार्थ्यांना तो शिकवला. एकाने दुसऱ्याला शिकवावा, त्याने आपल्या गावच्या रस्त्यांची नावे घालावीत, एखादा नियम बदलावा, अशा रीतीने तो लोककथेसारखा वाढत गेला आणि बोलीत त्याला ‘मोनोपॉली’, अर्थात मक्तेदारी, म्हणू लागले. अटलांटिक सिटी या समुद्रकिनारीच्या गावी क्वेकर पंथाच्या मंडळींनी त्यात त्या गावचे रस्ते घातले. तीच नावे पुढे जगप्रसिद्ध झाली.

मंदी, एक बेरोजगार विक्रेता आणि पाचशे डॉलर

१९२९ नंतरच्या महामंदीत फिलाडेल्फियातील चार्ल्स डॅरो याची नोकरी गेली. एका परिचित दांपत्याने त्याला हा अटलांटिक सिटीचा पट शिकवला. डॅरोने नियम लिहून मागितले, पट उतरवून घेतला, त्याची मांडणी आणि चित्रे आकर्षक केली आणि तो विकू लागला. मांडणीतील त्याचे कसब नाकारता येत नाही. कोपऱ्यांतील आणि घरांतील ओळखीची चित्रे त्याच्याच आवृत्तीतून आली. खेळ मात्र त्याचा नव्हता. त्याचा पुरावा पटावरच राहिला. अटलांटिक सिटीजवळच्या ‘मार्व्हन गार्डन्स’ या वस्तीचे नाव त्या परिचिताच्या पटावर चुकून ‘मार्व्हिन’ असे लिहिले गेले होते. डॅरोने चुकीसकट ते उतरवले आणि पार्कर ब्रदर्सने चुकीसकट छापले. १९९५ मध्ये कंपनीने त्या वस्तीतील रहिवाशांची या चुकीबद्दल माफी मागितली.

पार्कर ब्रदर्सने १९३४ मध्ये डॅरोचा खेळ नाकारला. तो फार लांबतो, फार गुंतागुंतीचा आहे, त्याला शेवट नाही, असे आक्षेप होते. दोष खरे तर मॅगीच्या रचनेचे होते आणि तेच तिचे वैशिष्ट्यही होते. परंतु फिलाडेल्फियातील मोठ्या दुकानांत डॅरोने स्वतः छापलेले संच त्या नाताळात झपाट्याने खपले, तेव्हा कंपनीने विचार बदलला. मंदीने ती स्वतःच डबघाईला आली होती. सूत्रे जॉर्ज पार्करचा जावई रॉबर्ट बार्टन याच्या हाती होती. मार्च १९३५ मध्ये डॅरोशी करार झाला आणि त्याला प्रत्येक संचामागे मानधन ठरले.

यानंतर जे घडले ते समजण्यासाठी कायद्याचा थोडा तपशील पाहावा लागतो. एखाद्या खेळाची कल्पना कायमची कोणाच्या मालकीची होऊ शकत नाही. लेखनाधिकार मिळतो तो पटावरील चित्रांना आणि नियमांच्या मजकुराला. खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळू शकते, पण ते मुदतीचे असते; त्या काळी अमेरिकेत ही मुदत सतरा वर्षे होती. व्यापारचिन्ह, म्हणजे खोक्यावरचे नाव, हे मात्र वापरात असेपर्यंत टिकवता येते. मॅगीचे १९०४ चे पेटंट १९२१ मध्ये संपले होते. परंतु १९२४ मध्ये तिने सुधारित खेळाचे दुसरे पेटंट घेतले होते आणि ते जिवंत होते. ते दुसऱ्या कोणाच्या हाती पडले असते तर ‘मोनोपॉली’चा धंदाच धोक्यात आला असता.

नोव्हेंबर १९३५ मध्ये खुद्द जॉर्ज पार्कर व्हर्जिनियात जाऊन मॅगीला भेटला. त्याने तिचे पेटंट पाचशे डॉलरला विकत घेतले. विक्रीतील वाटा नाही, पुढील मानधन नाही. तिच्या मूळ खेळासह आणखी दोन खेळ छापण्याचे त्याने मान्य केले. आपला विचार अखेर एका मोठ्या प्रकाशकामार्फत देशभर जाणार, या आनंदात मॅगीने सही केली. याच सुमारास कंपनीने ‘फायनान्स’ नावाच्या मिळत्याजुळत्या खेळाचे हक्क दहा हजार डॉलरला घेतले होते, ही नोंद शेजारी ठेवून पाहिली म्हणजे पाचशे या आकड्याचा अर्थ कळतो. ३१ डिसेंबर १९३५ रोजी डॅरोच्या नावे मोनोपॉलीचे पेटंट निघाले.

लवकरच आठवड्याला वीस हजार संच खपू लागले. नोकरी नसलेल्या, भाडे थकलेल्या लाखो कुटुंबांना संध्याकाळी दोन तास रस्तेच्या रस्ते विकत घेता येत होते. तरीही १९३६ च्या अखेरीस जॉर्ज पार्करने ही लाटही ओसरणार असे मानून पट बनवणे थांबवण्याचा हुकूम सोडला. जुन्या अनुभवाने या वेळी त्याला चकवले. मागणी पुन्हा उसळली आणि हुकूम मागे घ्यावा लागला. डॅरो लक्षाधीश झाला. ‘बेरोजगार माणसाने स्वयंपाकघरातील मेजावर खेळ शोधला आणि नशीब काढले’ ही कहाणी कंपनीने दशकानुदशके सांगितली. मंदीतल्या अमेरिकेला तिची गरजही होती.

मॅगी गप्प बसली नव्हती. जानेवारी १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रांना मुलाखती देऊन तिने आपला जुना पट आणि हा नवा पट शेजारी शेजारी दाखवले. काही दिवस चर्चा झाली आणि विरली. कंपनीने १९३९ मध्ये ‘द लँडलॉर्ड्‌स गेम’ छापला, पण त्याचा फारसा प्रसार झाला नाही. १९४० च्या जनगणनेत मॅगीने आपला व्यवसाय ‘खेळ बनवणारी’ असा नोंदवला आणि उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहिले. १९४८ मध्ये तिचे निधन झाले.

खोक्यांचे साम्राज्य

मोनोपॉलीच्या पैशावर कंपनी पुढची तीस वर्षे निर्धास्त राहिली. लीड्‌स येथील ‘वॉडिंग्टन्स’ या इंग्रज छापखान्याशी तिचा घरोबा जुळला. मोनोपॉली तिकडे गेला आणि त्याला लंडनचे रस्ते मिळाले. उलट दिशेने ‘क्लू’ आला. बर्मिंगहॅममधील वादक अँथनी प्रॅट याने युद्धकाळातील घरकोंडीत शोधलेला हा खुनाच्या तपासाचा खेळ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रॅटने १९५३ मध्ये परदेशी हक्क पाच हजार पौंडांना विकून टाकले. तेव्हा तो सौदा त्याला चांगला वाटला होता. ‘द रेड बलून’ या चित्रपटाचा फ्रेंच दिग्दर्शक अल्बेर लामोरिस याचा जग जिंकण्याचा खेळ १९५९ मध्ये ‘रिस्क’ या नावाने अमेरिकेत आला.

‘सॉरी’ या खेळाचे कूळ तर भारतीय वाचकाला अधिक जवळचे. सोंगटी घरातून बाहेर काढायची, पटाभोवती फिरवायची, वाटेत प्रतिस्पर्ध्याची सोंगटी मारून तिला परत घरी पाठवायची, हे सारे पचिसीचे. पचिसीवरून अमेरिकेत ‘पार्चिसी’ आणि इंग्लंडमध्ये ‘ल्युडो’ तयार झाले आणि दोन्ही ठिकाणी कोणी ना कोणी नावाची नोंदणी करून घेतली. शतकानुशतके कापडी पटावर कवड्या टाकून खेळणाऱ्या कोणाला ते सुचले नव्हते.

१९६६ मध्ये कंपनीने मृतात्म्यांशी संवाद साधण्याचा दावा करणारा ‘विजा’ फळा विकत घेतला. पुढल्याच वर्षी त्याचे वीस लाख नग खपले आणि त्या वर्षी त्याने मोनोपॉलीलाही मागे टाकले. ज्या गावाने चेटकाच्या संशयावरून माणसे फासावर दिली, तेथील कंपनीने हे करावे यावर तेव्हाही अनेकांनी खुसखुशीत लिहिले.

जॉर्ज पार्कर १९५२ मध्ये निवर्तला होता. १९६८ मध्ये कुटुंबाने कंपनी ‘जनरल मिल्स’ या पीठ आणि न्याहारीचे पदार्थ विकणाऱ्या बलाढ्य उद्योगाला विकली. मऊ फोमचे ‘नर्फ’ चेंडू, १९७८ चा ‘मर्लिन’ हा विजेरीवर चालणारा खेळ, नंतर व्हिडिओ गेमच्या कॅसेटी असा विस्तार झाला. १९८३ मध्ये व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, त्याची झळ कंपनीलाही बसली.

प्राध्यापकाचा खटला

नव्या मालकांच्या काळातच जुने प्रकरण उकरले गेले. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अँस्पाक हे बालपणी नाझींपासून बचावून अमेरिकेत आलेले ज्यू निर्वासित होते. मक्तेदारीचे गुणगान करणारा खेळ मुलांना काय शिकवतो, या अस्वस्थतेतून त्यांनी १९७३ मध्ये ‘अँटी-मोनोपॉली’ काढला. त्यात खेळाडू मक्तेदाऱ्या मोडतात. पुढल्या वर्षी व्यापारचिन्हाच्या भंगावरून वाद न्यायालयात गेला.

अँस्पाक यांच्यापुढे सोपा मार्ग होता : नाव बदलणे. त्यांनी तो नाकारला आणि मोनोपॉलीचा इतिहास खणायला घेतला. १९३५ पूर्वी तो खेळलेली म्हातारी माणसे त्यांनी गावोगाव शोधली, घरी रंगवलेले पट मिळवले आणि शेवटी ते मॅगीच्या पेटंटापर्यंत पोहोचले. तिच्या मृत्यूला तेव्हा पंचवीसहून अधिक वर्षे झाली होती. १९७७ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि त्यांच्या खेळाचे सुमारे चाळीस हजार संच मिनेसोटातील मँकॅटो येथे कचराभूमीत पुरण्यात आले. घर गहाण पडले तरी त्यांनी अपील केले.

अपील न्यायालयापुढील मुद्दा असा होता : ‘मोनोपॉली’ हे नाव ऐकून ग्राहकाच्या मनात उत्पादक येतो की खेळ? उत्पादक येत असेल तर ते व्यापारचिन्ह; खेळच येत असेल तर ते त्या वस्तूचे सामान्य नाव आणि त्यावर कोणाचा एकट्याचा हक्क नाही. आपल्याला हा खेळ खेळायचा आहे, तो कोण बनवतो याच्याशी कर्तव्य नाही, असे पाहणीत ६५ टक्के लोकांनी सांगितले. १९८२ मध्ये निकाल अँस्पाक यांच्या बाजूने लागला आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मात्र बड्या नाममुद्रांचे मालक या निकषाने हादरले. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा दुरुस्त करून ग्राहकाच्या हेतूवर आधारलेली ही कसोटी बाद केली. १९८५ मध्ये उभय पक्षांत समझोता झाला. अँस्पाक यांना आपल्या खेळाचे नाव राखता आले आणि ‘मोनोपॉली’ हे नाव कंपनीकडेच राहिले. न्यायालयीन कागदपत्रांमुळे मॅगीचे नाव कायमचे नोंदले गेले. पत्रकार मेरी पिलॉन यांच्या २०१५ मधील पुस्तकाने ते सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेले.

भारतात या वादाची गरज पडली नाही. येथे पट आधीच स्वतंत्र झाला होता. ‘बिझनेस’च्या प्रचलित आवृत्त्यांत अटलांटिक सिटीच्या रस्त्यांऐवजी मुंबई, दिल्ली, कोलकाता, गोवा अशी शहरे आली, ‘बेस्ट’ आणि ‘एअर इंडिया’ यांचीही घरे आली, आणि मुंबई पहिल्याच वळणावर येऊन बसली. आर्डनमधील लोकांनी जे केले होते त्याहून हे फार वेगळे नव्हते.

नावाचा अस्त

पार्कर ब्रदर्सचा उरलेला इतिहास मालकांच्या बदलांचा आहे. १९८५ मध्ये जनरल मिल्सने खेळण्यांचा व्यवसाय ‘केनर पार्कर’ या नावाने वेगळा केला. १९८७ मध्ये ‘टोन्का’ने तो घेतला. १९९१ मध्ये ‘हॅस्ब्रो’ने टोन्काच घेतली. हॅस्ब्रोच्या पदरी १९८४ पासूनच ‘मिल्टन ब्रॅडली’ ही १८६० मध्ये सुरू झालेली, मॅसॅच्युसेट्समधीलच दुसरी नामवंत कंपनी होती. शंभर वर्षे एकमेकींशी झुंजलेल्या दोन पेढ्या अशा एका छपराखाली आल्या. १९९८ मध्ये त्यांचे विभाग एकत्र झाले आणि २००९ मध्ये दोन्ही नावे खोक्यांवरून उतरली. मक्तेदारीचा खेळ विकणाऱ्या कंपनीचा शेवट बाजारातील एकत्रीकरणात व्हावा, यावर अँस्पाक यांना वेगळे भाष्य करण्याची गरज पडली नसावी.

हॅस्ब्रोने २०१९ मध्ये स्त्री संशोधकांच्या गौरवार्थ ‘मिस मोनोपॉली’ नावाची आवृत्ती काढली. या पटावर जागांऐवजी स्त्रियांनी लावलेले शोध विकत घेता येतात. त्यांत एलिझाबेथ मॅगीच्या शोधाला जागा मिळाली नाही आणि त्यावर अमेरिकेत तीव्र टीका झाली. सेलमच्या ब्रिज स्ट्रीटवर जेथे पार्कर ब्रदर्सचा कारखाना होता, तेथे आता भाड्याने मिळणाऱ्या सदनिकांचे संकुल उभे आहे.